उलटून इस्त्री केलेले परकर

प्रिय रीता,

सासरहून पत्र आलेलं बघून तुझी आई आधी घाबरेल, म्हणून पहिल्यांदा हेच लिहिते की इकडे सगळे धडधाकट आहेत. फोनवर बोलता आलं असतं, पण आपल्या घरातला फोन म्हणजे चावडी. तुझे सासरे स्पीकर लावल्याशिवाय बोलूच देत नाहीत, आणि मला जे सांगायचंय ते चौघांसमोर माझ्या तोंडून बाहेर पडलं नसतं. अंगणवाडीत अठ्ठावीस वर्षं अहवाल लिहिले, त्यामुळे कागद समोर असला की मला जरा धीर येतो. तेव्हा निवांत बस, पाय वर घेऊन. नववा लागलाय, पाय लोंबकळत ठेवू नकोस.

धान कापणी अर्धी उरकली. खालच्या बांधीत अजून ओल आहे, ती मागून कापू. प्रफुल तुझ्या हातच्या भाजीची आठवण काढत माझी भाजी खातो, आणि मी ऐकलं नाही असं दाखवते. भुऱ्या रोज तुझ्या खोलीच्या उंबऱ्यावरच झोपतो, कुत्र्यालाही माणसं कळतात. आणि तुझा जीव ज्यात अडकलाय ते लगेच सांगून टाकते. हळदी आणि तिची दोन्ही पिल्लं, लवंग आणि विलायची, घरातच आहेत. बाळ घरी यायच्या आत मांजरी सिंदेवाहीकडच्या राईस मिलवर सोडून यायच्या, असं ह्यांनी आणि प्रफुलने, बापलेकांनी मिळून ठरवलं होतं ते तुझ्या कानावर आलंच असणार. तू फोनवर एकदाही 'नका नेऊ' म्हणाली नाहीस. तुझं ते गप्प राहणं मला फार लागलं, पोरी.

तीन वर्षांपूर्वी तू लग्न होऊन आलीस ती गडचांदूरहून वरातीच्या गाडीत मांडीवर झाकलेली टोपली घेऊन. आम्हाला वाटलं, माहेरचे लाडू असतील. टोपली उघडली तर आत ही पिवळी हळदी, सगळ्यांकडे रागाने बघत. मी शेजारच्या बुधरीला म्हटलं होतं, सून आणली का सर्कस आणली. पुढे तू रस्त्यावरचा भुऱ्या आणलास, पाय मोडलेलं बकरीचं पिल्लू आणलंस, आणि हळदीला पिल्लं झाली तेव्हा तर दोन दिवस तू माझ्याशी कमी आणि तिच्याशी जास्त बोललीस. तेव्हा मी तोंड वाकडं करत होते. आता कबूल करते, ती बकरी दूध द्यायला लागली तेव्हा पहिला चहा मीच करून प्यायले.

मग यंदा रोवणी झाली आणि घरात गजकर्ण शिरलं. पिल्लांच्या कानामागचे केस गेले, हळदीच्या नाकावर टक्कल पडलं, बकरीच्या डोळ्याभोवती राखाडी खपली आली. मागोमाग प्रफुलच्या मानेवर गोल चट्टा आणि तुझ्या दंडावर एक. तू पोटुशी म्हणून डॉक्टरांनी तुला गोळी दिली नाही, नुसतं मलम दिलं. त्या दिवशी ओसरीवर सगळ्यांच्या आधी बोलले ती मी, आठवतं ना? 'मांजरीचंच हाय हे, मी तवाच म्हटलं होतं.' किती ठसक्यात म्हटलं होतं मी ते.

तू वाद घातला नाहीस. पदर खोचलास आणि कामाला लागलीस. धानाची छोटी खोली रिकामी करून त्यात मांजरी ठेवल्यास, आणि त्या खोलीत जायचा झगा वेगळा ठेवलास. झाडू बंद केलास, कारण झाडूने केस उडतात, आणि वाकता येत नव्हतं तरी ओल्या फडक्याने घर पुसून घ्यायचीस. मोठ्या गंजात पाणी उकळून चादरी, गोधड्या, भुऱ्याचं पोतंसुद्धा त्यात घातलंस. प्रत्येकाच्या टॉवेलला वेगळ्या रंगाचा दोरा शिवलास. प्रफुलचा रेनकोट घालून, हातात मोजे चढवून तू हळदीला औषधाच्या पाण्याने आंघोळ घालायचीस तेव्हा ती अशी ओरडायची की रस्त्यावरची माणसं थांबायची. आणि तू तिला समजावत राहायचीस, 'झालं बाई, झालं, माही शहाणी.' बियाण्याच्या कंपनीच्या कॅलेंडरवर गोळ्यांच्या खुणा होत्या, कुणाचा एक दिवस चुकला नाही. मी आयुष्यभर बायांना स्वच्छतेचे धडे दिले, रीता, पण भिंतीवर तक्ते लावून. तू ते न बोलता करून दाखवलंस, सातव्या महिन्याचं पोट सांभाळून. मी ओसरीवर बसून बघायचे आणि मनात म्हणायचे, या पोरीपुढे आपण काय काम केलं?

आणि तरीही ते परत आलं. मांजरींच्या अंगावर केस आले, बकरीची खपली गळून पडली, आणि प्रफुलच्या मानेवर पुन्हा कडं उठलं. सावलीच्या जनावरांच्या दवाखान्यात आपण दोघी गेलो होतो. डॉक्टरीणबाईंनी हळदीला उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाल्या, 'मांजरी तर बऱ्या झाल्यात. घरातलं कुणी माणूस राहून गेलंय का औषधाचं?' मी तुझ्या शेजारीच बसले होते. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. 'बघते मॅडम,' एवढंच म्हणालीस आणि विलायचीला पिशवीत घेतलंस. बसमध्ये तू खिडकीबाहेर बघत होतीस आणि मी माझ्या चपलेकडे.

राहून गेलेलं माणूस मी होते, रीता. तुला ते माहीत होतं. मला मात्र तुला माहीत आहे हे माहीत नव्हतं.

रोवणीत चिखलात दिवसभर वाकून उभं राहायचं, कमरेखाली सगळं ओलं, आणि नाडी करकचून आवळलेली. तिथेच पहिलं कडं आलं, मांजरींच्या आधी का मागून ते देव जाणे. मग ते मांड्यांपर्यंत गेलं. कुणाला दाखवू? ज्या बाईने गावातल्या पोरींना 'ओले कपडे अंगावर ठेवू नका' म्हणून दरडावलं, तिने कोणत्या तोंडाने सांगायचं? मी मेडिकलमधून ट्यूब आणली, 'आमच्या ह्यांना पाहिजे' म्हणून. लावली की खाज थांबायची, थांबली की मी बंद करायचे, आणि आठ दिवसांनी कडं आणखी रुंद व्हायचं. तरी दुपारी हळदीला मांडीवर घेऊन झोपणं मी सोडलं नाही. प्रफुलच्या अंथरुणावर लवंडणं सोडलं नाही. आणि सगळ्यांदेखत नाव त्या मुक्या जिवांचं घेत राहिले.

त्या दिवसांत तू माझे परकर इस्त्री करायला लागलीस. उलटून, नाडीच्या पट्टीवर दोन-दोनदा इस्त्री दाबून. मी बुधरीला हसून सांगितलं, 'पोटुशी हाय ना, काहीबाही सुचते तिले.' माझा टॉवेल मागच्या परसात उन्हात वेगळा वाळत असायचा, न्हाणीत माझ्या नावाचा नवा साबण असायचा. मला वाटायचं, सून लाड करते. तू तुझ्या मांजरींवर आळ येऊ दिलास, त्या जाणार हे दिसत असताना तोंड बंद ठेवलंस, का तर सासूची अब्रू राहावी. मी तुझ्या जागी असते तर चार दिवसांत गावभर केलं असतं. माझा स्वभाव मला ठाऊक आहे.

मला हे कळलं ते मागच्या महिन्यातल्या फोनवर. तुझ्या आईने मला आठवण दिली की आपल्याकडे बाळाला पहिल्यांदा गुंडाळतात ते बापाच्या आईच्या नेसत्या, मऊ झालेल्या लुगड्यात, तेव्हा दोन लुगडी आधीच पाठवा. मी हो म्हणायच्या आत तू फोन घेतलास. 'लुगडी सवडीनं पाठवा, घाई नाई. आई, आधी तुम्ही एकदा गडचिरोलीले जाऊन या, गुडघे दाखवून या.' माझे गुडघे कधी दुखले गं? तुझा आवाज इतका मऊ होता की मी फोन ठेवला आणि चुलीपाशी बसून राहिले. तिथेच सगळं समजलं, परकर, टॉवेल, साबण, आणि माझ्या लुगड्याची घाई का नाही तेही.

दुसऱ्याच दिवशी मी गेले. चामडीचे डॉक्टर तरुण होते, पण मी लाज बाजूला ठेवली. ते म्हणाले, ही ट्यूब खाज दाबते आणि रोग पसरवते, फेकून द्या. गोळी आणि मलम दिलं, आणि खाज गेली तरी ते सांगेपर्यंत औषध थांबवायचं नाही, असं बजावलं. कॅलेंडरवर तुझ्या खुणांच्या खाली आता माझ्या खुणा आहेत.

तरी घरात सांगायला मला वेळ लागला. गेल्या सोमवारी प्रफुल भाड्याचा टेम्पो घेऊन आला आणि ह्यांनी मांजरी टोपलीत घातल्या. पिल्लांची तोंडं फटीतून दिसत होती. मी अंगणात आडवी उभी राहिले आणि म्हटलं, मांजरी कुठे जाणार नाहीत, गजकर्ण मला आहे, चार महिन्यांपासून. प्रफुल खाली बघायला लागला. हे म्हणाले, 'अख्ख्या गावाले शिकवलं तुनं, अन् मले काऊन नाई सांगितलं?' मला रडू आलं. मग ह्यांनी धोतराचा काठ चार बोटं वर केला, आणि गुडघ्याच्या वर भाकरीएवढं कडं! 'अवं, कपाटातली ती ट्यूब मी बी लावून राह्यलो. मले वाटलं तू माह्यासाठीच आणली.' टेम्पोवाला इतका हसला की त्याला खाली उतरावं लागलं. ह्यांनाही आता गोळ्या सुरू केल्यात. रिकामा टेम्पो परत गेला, आणि ह्यांनी स्वतःच्या हाताने टोपलीचं झाकण काढलं.

आता मी हे पत्र का लिहिते ते सांगते. तुझ्या आईला वाटत असेल की नातवासाठी लुगडं पाठवायला ही बाई कां-कूं करते. तिला हे पत्र वाचून दाखव, सगळं, काही गाळू नकोस. तू माझी अब्रू पुष्कळ सांभाळलीस, आता माझ्यापायी तिच्यापुढे खोटं बोलू नकोस. बाळाला पहिल्यांदा तिच्याच लुगड्यात गुंडाळा आणि तिच्याच मांडीवर द्या, तो मान मी मनापासून तिला देते. आणि तिने विचारलंच की पोरीला एवढी समज आली कुठून, तर सांग, सासूकडून नाही. डॉक्टर मला 'बऱ्या झालात' म्हणतील त्याच दिवशी मी गडचांदूरची गाडी धरीन. तोवर बाळ झालं असेल तर दारातूनच बघीन, आणि तू म्हणशील तेव्हा आत येईन.

तुझीच,
आई (सुगंधा)