पुसलेल्या डिस्कवरचं नाव

शुक्रवार पेठ, सोलापूर
शनिवार

प्रिय श्रावणी,

हे पत्र मुद्दाम तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतेय. तुझा फोन अवधूतराव बघतात, हे तूच मला सांगितलंस.

आई बरी आहे. तुला परत दिवस गेल्याचं कळल्यापासून दुपटी शिवत बसते. इतक्या लवकर शिवू नये म्हणतात, पण ऐकत नाही. मीही तिला अडवलं नाही.

गेल्या वर्षी तू आमच्या सोनोग्राफी सेंटरला आलीस तेव्हा तुझा केसपेपर मीच काढला होता की. डॉक्टर म्हणाले, ठोके थांबलेत, पिशवी साफ करावी लागेल. तू कितीदा तरी विचारलंस, माझं काय चुकलं. तुझ्या सासूबाईंनी जिन्याच्या चढउताराला बोल लावला. आणि मीसुद्धा तुला म्हणाले, जरा जपायला हवं होतंस.

मंगळवारी डॉक्टरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. शुक्रवारी सेंटरच्या सरकारी तपासणीला माणसं येणार होती, त्याआधी त्यांना जुन्या नोंदी पुसून हव्या होत्या. मी हार्डवेअरचा कोर्स केलाय हे त्यांना माहीत आहे. ते म्हणाले, "नुसतं डिलीट नको. उद्या कुणी काढायचं म्हटलं तरी निघू नये." डिलीट केलं की फाईलचं नाव तेवढं जातं, आतला मजकूर तसाच राहतो आणि जाणकार माणूस तो परत काढतो. त्यासाठी अख्ख्या डिस्कवर पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्यं लिहावी लागतात. कॉम्प्युटरमध्ये दोन डिस्क होत्या, पुसायची त्यातली एकच. चुकीची पुसली जाऊ नये म्हणून मी एक फाईल उघडून बघितली.

बायकांची नावं होती. पुढं आठवडे, ठोके, आणि शेवटच्या रकान्यात मुलगा की मुलगी. खाली खाली जाताना तुझं नाव आलं. चौदा आठवडे. ठोके एकशे बावन्न. मुलगी. आणि पुढं दोन शब्द: पतीस सांगितले.

पेन ड्राईव्ह माझ्या पर्समध्ये होता. डॉक्टर खिडकीशी फोनवर बोलत होते. फाईल उतरवून घ्यायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण माझ्या मनात आलं, ह्या सगळ्या केसपेपरांवर माझी सही आहे. आधी ते मनात आलं, तू नंतर आलीस. मी बटण दाबलं. पुसायला सहा तास लागले आणि ते सहा तास मी समोर बसून होते. संध्याकाळी मी त्यांना डिस्क उघडून दाखवली, नुसती शून्यं. ते म्हणाले, छान काम केलंस.

काल तपासणीची माणसं काही न सापडता गेली. त्यानंतर सेंटरचा फोन मीच उचलला. अवधूतराव होते. म्हणाले, "ताई, गुरुवारचा नंबर लावा. मागच्यासारखं आधी डॉक्टरांना मी एकटा भेटेन." मी नंबर लावला आणि आज हे पत्र लिहायला बसले. श्रावणी, तुझं काही चुकलं नव्हतं. बाळ जिवंत होतं. सोनोग्राफी सेंटरांच्या तक्रारी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये घेतात, सोमवारी मी तिथं जाऊन लेखी जबाब देणार आहे. पुरावा मागतील, तो मीच पुसला, हेही सांगेन. बुधवारी सकाळच्या एसटीनं मोहोळला तुझ्या शाळेत येते. माझं तोंड बघायचं नसेल तर बघू नकोस, आईकडं एकटी ये. पण गुरुवारी त्यांच्याबरोबर गाडीत बसू नकोस.

तुझीच ताई,
इंद्रायणी