दोरीला बांधलेली कात्री

बुधवार, संध्याकाळ

आज वॉर्डातल्या त्या बाळाचा रिपोर्ट आला. रक्तातल्या जंतूंवर एकही अँटिबायोटिक चालत नाही. बाळाच्या बापाला सांगताना डॉक्टरांनी मला सोबत घेतलं, कारण रोज त्याच्याशी मीच बोलते. लोधीपुऱ्यात त्याचं मेडिकल आहे. माणूस वाईट नाही.

तो म्हणाला, "सिस्टर, नाव सांगा फक्त. कोणतीही दवा असो, आत्ता आणतो." डॉक्टर एकेक नाव घेत गेले आणि तो मान हलवत गेला. "हे आहे. हे पण आहे. हे तर रोज जातं." ही सगळी न चालणाऱ्या औषधांची नावं आहेत, हे लक्षात आलं तेव्हा त्याची मान हलायची थांबली.

मला सारखी त्याची कात्री आठवतेय. गल्ल्याशेजारी दोरीला बांधलेली. कुणालाही ताप आला की अँटिबायोटिकच्या पट्टीतून दोन गोळ्या कापून देतो, चिठ्ठी कोण मागतं. पण त्याच्या एकट्याच्या नावाने का ओरडू? सगळं गाव गोळ्या तशाच घेतं. आणि हे जंतू आमच्याच वॉर्डातून आले नसतील कशावरून?

घरी येताना तो दुकानाचं शटर ओढताना दिसला. कडेवर पोर घेतलेली एक बाई त्याच्याकडे दोन गोळ्या मागत होती, त्याच, रोज जाणाऱ्या. तो म्हणाला, "आधी डॉक्टरला दाखवा, ताई."

ती समोरच्या मेडिकलमध्ये गेली. कात्री तिथेही आहे.