न खणलेला खड्डा

नेवासा, ९ जानेवारी १९४६

पाच फूट खणलं तरी काळी माती संपेना! भिमाजी गळ्यापर्यंत खड्ड्यात उतरला आणि आतूनच ओरडला, "सायेब, आता हीरच बांधू!" चौदा वर्षं माझ्याबरोबर खड्डे खणतोय हा गडी, पण कुदळीपेक्षा तोंड जास्त चालतं. प्रवरेकाठची ही माती एकदा हातात घेतली की सोडवत नाही.

सबंध देशाचा मातीचा नकाशा व्हायचा आहे. त्यात आमचा नगर जिल्हा तळहाताएवढा असेल. इथं बांधबंदिस्तीसाठी प्रत्येक सर्व्हे नंबरात एक खड्डा घ्यायचा, खोली मोजायची, तक्ता भरायचा. मातीच्या निवडक पिशव्या पुण्याला, तिथून दिल्लीला.

आमचे वरिष्ठ आप्पासाहेब म्हणाले, "शेख, तुमचा खड्डा कधी खोटा निघत नाही. जूनपासून तुम्हाला पुण्याच्या प्रयोगशाळेत घेतो." प्रयोगशाळा! अम्माला पुणे दाखवीन.

पुणतांबा, २१ जानेवारी

गोदेची मळई, पुरानं आणलेली. मऊसूत. आज बाकी काही नाही.

पारनेर तालुका, ४ फेब्रुवारी

आज आमच्या गावात! सत्तावीस वर्षांनी. कुणाला सांगितलं नाही. डोक्यावर हॅट, तोंडात कचेरीची भाषा — कोण ओळखणार?

मानमोडीच्या साथीत अब्बा गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा. टेकडीच्या पलीकडच्या उतारावर आमचं रान. रान कसलं, नुसता मुरूम! फाळ खरखर वाजायचा आणि अब्बा बैलांना सोडून जमिनीलाच शिव्या घालायचे. मी मागून अनवाणी. घरी आलो की अम्मा मांडीवर पाय घेऊन रुतलेले खडे काढायची. वर गोडं तेल चोळायची. तिच्या बोटांचा तो वास मला आज वाटेवरच आला. पलीकडे जायचं धाडस झालं नाही.

भिमाजीनं कुदळ खांद्यावरून उतरवली. "पल्याडच्या नंबरात न्हाई घ्यायचा खड्डा?"

"नको. ते रान मला पाठ आहे."

बोरीखाली बसून आमच्या रानाचा तक्ता भरला. सर्व्हे नंबर ११२ — मुरमाड, खोली सहा इंच, लागवडीस नालायक, गवतासाठी राखावी.

चौदा वर्षांत पहिल्यांदाच न खणता लिहिलं. पण त्यात खोटं काय आहे? मी वाढलोय त्या मुरमात.

१२ मार्च

यादी चावडीवर लागली. खालच्या रानांना बांध. वरची नांगराला बंद, गवताला मोकळी. तासाभरात एक म्हातारी तरातरा तंबूत शिरली. पाहताक्षणी ओळखलं — राहीबाई! आमच्या शेजारच्या रानातल्या. त्यांच्या फडक्यातली अर्धी भाकरी माझी ठरलेली असायची. केस पार पांढरे झालेत. आवाज तोच!

"येकशेबारा कुणी लिवलं?"

"मी."

"खड्डा कुठं घेतलास?"

मी हॅट पुढे ओढली.

"कंबरभर माती हाय तितं! कंबरभर! आन् गवत लावतो व्हय रं?"

"बाई, रान तुमचं आहे का?"

"माजं असतं तर गप बसले असते. ठेव हाय ती दुसऱ्याची."

गेल्या. भिमाजी हसून लोळायचा राहिला — "म्हातारी सायबाला अरेतुरे करती!" मला हसू आलं नाही.

१३ मार्च

गेलो पलीकडे. कुदळ आत गेली ती आवाज न करता! वर शाळूची धसकटं, खाली काळी. बत्तीस इंचांवर मुरूम लागला, आणि मधली रेघ सुरी फिरवल्यासारखी सरळ. आपोआप झालेली माती अशी नसते, काळीतून मुरूम हळूहळू लागतो. ही कुणीतरी आणून बसवलेली.

खालच्या अंगाला घळीच्या तोंडावर ताल घातलेली होती. दगडाचा आडवा बांध. पावसाचं पाणी वरून गाळ आणतं, ताल गाळ धरते, पाणी सोडून देते. दर उन्हाळ्यात वर दगडांचा एक थर चढवायचा. म्हणजे माती आणखी चढते. मी थर मोजले. सत्तावीस.

राहीबाई मागेच उभ्या होत्या. "पह्यला थर एका बाईनं घातला. मालक साथीत गेल्ता तिचा. मग प्वार साळंत घालाया नगरला गेली. जाताना म्हनली, राहे, रानाकडं बघ. बघतीया."

मी वहीत डोकं खुपसून आकडे लिहीत राहिलो. 'ते पोर मीच' एवढं काही सांगितलं नाही. लाज वाटली. फार लाज वाटली.

१७ मार्च

आप्पासाहेब म्हणाले, "तक्ता पुण्याला गेला. दुरुस्ती हवी तर खड्डा घेतलाच नव्हता असं लेखी द्यावं लागेल. मग जूनचं विसरा." नंतर जरा हळू — "अहो, एकरभर तुकडा तो. नकाशावर ठिपकासुद्धा नाही."

खरं आहे. ठिपकासुद्धा नाही.

नगर, १९ मार्च

अम्मापुढे मातीची पिशवी ठेवली. कुठली ते सांगितलं. तिनं चिमूटभर उचलून वास घेतला, बराच वेळ घेतला. मग राहीबाईंचं सगळं सांगितलं.

"ठेव? ठेव कसली! मी राहीला देऊन टाकलं ते रान. तुजं समजून पिकव म्हनलं हुतं!" आणि हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागली. सत्तावीस वर्षं ही म्हणते तिचं, ती म्हणते हिचं!

मी विचारलं, "मग मला नुसता मुरूमच कसा आठवतो, अम्मा?"

"ल्हान हुतास. त्या पह्यल्या थराला तूबी धोंडा आनला हुतास. दोनी हातांनी. पायावर पाडलास, आंगठा फोडलास, आन् लई रडलास."

अंगठा पाहिला. खूण आहे. आजवर मी ती मुरमाची समजत होतो.

अम्माला पुण्याचं काही बोललो नाही.

२० मार्च

लिहून दिलं. 'सर्व्हे नंबर ११२ मध्ये खड्डा घेतला नव्हता. आठवणीवरून नोंद केली. माती काळी, खोली बत्तीस इंच.' खाली सही केली.

पारनेर तालुका, ५ एप्रिल

नवी यादी लागली. ११२ नांगराला मोकळं! पुण्याची जागा दुसऱ्याला गेली. माझ्या नावावर लाल शाईचा शेरा. भिमाजी म्हणाला, "बरं झालं सायेब. पुन्याला मला कोन नेनार हुतं?" मला वाईट वाटतंय, कशाला लपवू? या वहीत तरी नको.

६ एप्रिल

राहीबाई तालीवर यंदाचा थर चढवत होत्या. मी हॅट काढली. "राहीमावशी, मी नबीलालचा अलीम."

त्यांनी मान वर केली नाही. "म्हाईत हाय. यादी ऐकली तवाच वळखलं. परक्यानं खनून बघितलं असतं."

आणि हातातला दगड माझ्याकडे दिला.