माणूस आत आहे

सोमवार
खोली मिळाली ती थेट वजनकाट्याची. बंद पडलेल्या सिमेंट कारखान्याच्या मालगाड्या इथे तोलल्या जायच्या. दार आणि मोठी खिडकी दोन्ही रुळाकडे उघडतात. रूळ इतका जवळ, की खिडकीतून हात काढला तर वॅगनला लागावा. भिंतीवरची वजनाची सुई गंजून शून्यावर अडकली आहे. उजेड भरपूर, टेबल भक्कम. मला आवडली. कारखान्याकडे येणाऱ्या या जुन्या रेल्वे-फाट्यावरचं काय जपायचं आणि काय भंगारात काढायचं, ते शनिवारपर्यंत ठरवायचं आहे. ताईने फोनवर विचारलं, गंजके रूळ बघायला पगार कोण देतं? म्हटलं, तुला नाही देणार.

मंगळवार
फाट्याच्या टोकाला, दोन भिंतींच्या मध्ये, दोन वॅगन उभ्या आहेत. चाकांवर सांडलेलं सिमेंट दगड झालंय. पहार लावूनही हलणार नाहीत. त्यांच्या पलीकडे सांधा बदलायचा दांडा, त्यावर लाल पाटी टांगलेली: ‘माणूस आत आहे’. अक्षरं पुसट होती. घासून फोटो काढायला ती खोलीवर आणली. व्हार्निशचा हातही दिला.

बुधवार
शेजारचे काका इथेच सांधेवाले होते. मला इंजिनीअरबाई म्हणतात. गंजाशी लग्न लागलंय का, असं रोज विचारतात. पाटीचं सांगितलं तेव्हा थट्टा थांबली. म्हणाले, जोडणीसाठी दोन वॅगनमध्ये शिरणारा आधी स्वतःची पाटी टांगतो आणि बाहेर आल्यावर स्वतःच काढतो. दुसऱ्याने हात लावायचा नाही, साहेबानेही नाही. मग ही राहिली कशी, मी विचारलं. तो बाहेर आलाच नाही, म्हणाले, मग काढणार कोण? आजच लावून ये बाई.
व्हार्निश ओलं आहे. उद्या.

गुरुवार
रुळाचा माथा चकाकतोय. चाकं फिरल्याशिवाय गंज असा जात नाही. वॅगन अलीकडे आल्या आहेत. उतार मोजला. उतार त्यांच्या टोकाकडे जातो, माझ्या खोलीकडे नाही; म्हणजे चढ चढून आल्या. चाकांखाली सिमेंटचा ताजा चुरा.
दांड्यापर्यंत जायचं तर भिंत आणि वॅगन यांच्यामधून अंग चोरून जावं लागेल. पाटी हातात होती. गेले नाही.

शुक्रवार
बॅग भरली. काकांना निघतेय म्हणून फोनवर कळवलं. पाटी लावलीस का, एवढंच विचारलं त्यांनी.
दार उघडत नाही. बाहेरून वॅगन टेकली आहे. आवाज आला नव्हता.
सुई शून्यावर नाही.

दुपार
काकांचा फोन लागत नाही. दोन वॅगनमधली फट बरोबर खिडकीसमोर —
फटीत हात. सिमेंटने राखाडी. तळवा वर. हलत नाही, नुसता मागतोय.
पाटी त्याची आहे. त्याची त्याला द्यावी. उतरायचं नाही, नुसतं वाकायचं, खांद्यापर्यंत फक्त —