चांदव्याचे पाय

१३ जानेवारी १९७५, मालेगाव

'तळ्याकाठच्या बंधूंनो! हजारो कोसांवरून जे पाहुणे दर हिवाळ्यात तुमच्या पाण्यावर उतरतात, ते तुमच्या डोळ्यांदेखत मारले जातात — आणि तुम्ही मुकाट्यानं बघता!'

रविवारच्या सभेची ही सुरुवात. बरी आहे. ठराव एकच — तळ्यावर मासे धरणारा हेमला, त्याला पाखरं धरायची बंदी. डोक्यावर मडकं घालून तो गळ्याइतक्या पाण्यात शिरतो. पाखरांना वाटतं, मडकं वाहत आलंय. हा खालून पाय धरतो, ओढतो. संपलं.

दिवाळीपासूनची ही तेविसावी सभा. अहिंसा, दारूबंदी, हुंडा — घसा तोच, टाळ्या त्याच. दमलो.

अंगुरीला वाचून दाखवलं. म्हणाली, "एवढं बोलता पाखराइवर, कधी पाह्यले का तुमी?"

१४ जानेवारी

अंगुरीची अट — सभेआधी एक दिवस सुटी. लग्नाला अठरा वर्षं झाली, तीर्थयात्रा सोडून कुठं नेलं नाही म्हणे. खरं आहे. मी कुठंतरी वाचलेलं तिला सांगितलं — दूर समुद्रात बेटं असतात, नवराबायको डोळ्यांना काच लावून, तोंडात नळी धरून पाण्याखालचे मासे बघत दिवस काढतात. ती म्हणाली, "मंग आपल्या तळ्यात बेट नाई का?"

१६ जानेवारी

गेलो. शिरपूरच्या बसनं, फाट्यावर उतरून पायी. बेटावर न्यायला कोण? हेमलाच! ट्रकच्या ट्यूबवर फळ्या बांधलेल्या, दुसरं साधन नाही. रविवारी याच्याविरुद्ध बोलायचं आणि आज याच्याच फळीवर बसायचं! त्यालाही सभेचं माहीत होतं. हसला नुसता. मी अंगुरीला पाखरांची नावं सांगू लागलो, तर म्हणतो, "चुप बसा ना मालक. पाखराइले भाषण नाई लागत." अंगुरी खळखळून हसली. किती दिवसांनी!

बेट म्हणजे चार बाभळी आणि थोडी रेती. दशम्या खाल्ल्या. समोर चांदवे, शेकड्यांनी — काळं अंग, कपाळावर चंदनाच्या टिळ्यासारखा पांढरा ठिपका. दोन तास मी एक शब्द बोललो नाही. घशाला असा आराम वर्षात मिळाला नव्हता.

अंगुरीनं हेमलाला समुद्रातल्या नळीची गोष्ट सांगितली. तो बाभळीमागून मडकंच घेऊन आला. डोळ्यांपुरती दोन भोकं. "आमची नळी हे अशी! पन बाई, दुष्काळापासून पाखरू नाई धरलं म्या. आता मासोळीच." — म्हणे! मग मडकं कशाला जपलं?

मडक्यातून तळं निराळंच दिसतं. आत आपलाच श्वास घुमतो. पाखरं हातभर अंतरावर येतात, भीत नाहीत. पाण्याखाली त्यांचे हिरवट पाय, मागे-पुढे, मागे-पुढे.

मग एक चांदवा खाली गेला. फडफड नाही, आवाज नाही. होता — आणि नाही.

हेमलानं बेटावर खड्डा खणला. अंगुरीनं आपला रुमाल दिला, त्यात पाखरू गुंडाळलं.

१७ जानेवारी

अंगुरी बोलत नाही. ताट वाढते, उठून जाते.

१९ जानेवारी

सभा झाली. दोनशे माणूस. 'गुरुवारी या डोळ्यांनी पाहिलं!' म्हणालो आणि बायकांनी पदर डोळ्यांना लावले. अध्यक्ष मारोतराव तापले — "पाखरंच काहून? मासोळी बी बंद! त्यानं पान्यात पायच नाई ठेवाचा!" सगळे हात वर. मासोळीवर त्याचं घर चालतं. मला एवढं नको होतं. पण त्या टाळ्यांत थांबवायचं कसं?

मारोतरावांनी विचारलं, "हेमला, तुह्यं काय म्हननं हाय?"

तो मागे उकिडवा बसला होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "मालक होते ना तथी. थेच सांगतीन."

मी पाणी प्यालो. सभा संपली. लोक म्हणाले, "केशरीचंदजी, लय जोरदार!" हार घातला.

अंगुरी आली नव्हती.

२० जानेवारी, सकाळ

चहाचा कप ठेवताना अंगुरीनं चार दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं. "त्या पाखराचे पाय थंडे होते का गरम?"

गरम होते.

मडकं माझ्या डोक्यावर होतं. हेमला बेटावर अंगुरीजवळ उभा होता — "सोडा मालक, सोडा!" ओरडत. सोडलं नाही. हातात आल्यावर बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

साडेआठच्या बसनं जातो. मारोतरावांच्या ओसरीवर सगळ्यांना बोलवायचं. भाषण नाही, एवढंच —

पंचांनो, ठरावातलं हेमलाचं नाव खोडा. तिथं माझं लिहा.