वायरींचे दोरे

सोमवार, ९ मार्च

काढला एकदाचा! पलंगाखालचा इन्व्हर्टर-चार्जर. एवढं धूड, आणि मी एकटी! बॅटरीचा खटका बंद केला, बाहेरचा प्लग उपसला – ह्यांचं वाक्य कानात होतंच, ‘आधी तोड, मग हात घाल.’ कंबर मात्र कामातून गेली.

शुक्रवारी हे दवाखान्यातून सुटणार. सोबत ऑक्सिजनचं मशीन. ते बंद पडून चालायचं नाही, आणि ज्या यार्डात आमची राहती मोटारहोम उभी असते तिथली वीज म्हणजे आली तर आली. वीज जाताक्षणी बॅटरीवर घेणारा डबा हवाच. जुना जळला, नवा दाराशी येऊन पडलाय. वन्सं फोनवर स्पष्टच म्हणाल्या, ‘शुक्रवारपर्यंत तुमच्या त्या चाकांवरच्या घरात सोय झाली तर ठीक. नाहीतर मी त्याला माझ्याकडे नेते.’ त्यांची एकच खोली. मला ‘तूही ये’ म्हणाल्या नाहीत.

वायरी सोडवायच्या आधी फोटो काढायचे असतात, इतपत मला कळतं. पण काय ती घाण! प्रत्येक वायरीला तेलकट दोऱ्याचे तुकडे लोंबत होते. माझ्याच शिवणाच्या डब्यातला दोरा – रिळं कुठे गायब होतात ते आज कळलं! कात्रीनं सगळे छाटले, वायरी पुसल्या, मग फोटो काढले. छान आलेत.

मंगळवार, १० मार्च

फोटोत तीन निळ्या वायरी, तीन हिरव्या. हातातही तीन निळ्या, तीन हिरव्या. बॅटरीच्या दोन्ही जाड तारा लाल. कुठली निळी कुठली? डोकं चालेना. सकाळभर नुसती बघत बसले.

दुपारी वायरमनला बोलावलं. त्यानं टॉर्च मारला आणि मागे सरकला. ‘मावशी, हे कुणी केलंय? बाहेरून येणारीही निळी, आत जाणारीही निळी! रंगाला काही अर्थच नाही इथे. उलटसुलट लागलं तर नवा डबा पहिल्या मिनिटात जाईल. दुसऱ्याच्या कामात मी हात घालत नाही. सगळं उपटून नवीन करायचं तर पंधरा दिवस.’

पंधरा दिवस! माझ्याकडे तीन आहेत. त्याच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं होतं. चहासुद्धा न घेता गेला.

बुधवार, ११ मार्च

दवाखान्यात गेले. ह्यांच्या गळ्यात नळी, बोलता येत नाही. पाटीवर लिहितात. अक्षर लहान मुलासारखं झालंय.

सांगायचं नव्हतं. माझं तोंड बघूनच ह्यांनी ओळखलं, वायरींशी अडलंय. पाटीवर लिहिलं – ‘दोरे बघ. एक गाठ बाहेरून येणारी. दोन गाठी आत जाणारी. तीन बॅटरीची अधिक.’

पंप-पंख्यांच्या मोटार वाइंडिंगचं दुकान होतं ह्यांचं, चाळीस वर्षं. तांब्याच्या तारा सगळ्या सारख्याच, म्हणून टोकांना दोरा बांधून खूण करायची. हे मला ठाऊक होतं! दुकानात किती वेळा पाहिलं होतं! आणि मी कात्री चालवली.

म्हटलं, ‘कापले. घाण दिसत होती.’

ह्यांनी डोळे मिटून घेतले. मग खांदे हलायला लागले. हसत होते की रडत होते, आवाजच नाही तर कळणार कसं? सिस्टर धावत आली, मला बाहेर काढलं. दार लागायच्या आत पाटी उलटी करून दाखवली – ‘मीटर. बीप. बॅटरीला वजा दिसलं तर उलट.’

घरी आले आणि ढसाढसा रडले.

गुरुवार, १२ मार्च

सकाळी वन्संचा फोन. ‘झालं?’ नाही. रंगांचा घोळ आहे म्हणून सांगितलं, तर त्या हसल्या! ‘अगं, त्याला कुठे रंग कळतात? सगळे रंग त्याला सारखेच. शाळेत मार खायचा त्यापायी. एकतीस वर्षं संसार केलास आणि तुला माहीत नाही?’

नाही. माहीत नाही.

ही गाडी केली तेव्हा, दुकानात, घरी, प्रत्येक कामाला मला शेजारी स्टुलावर बसवायचे. ‘ही कुठली गं?’ – ‘निळी.’ – ‘आणि ही?’ – ‘हिरवी.’ गॅसवरचं दूध सोडून मी जायची. मला वाटायचं, माझ्यावाचून करमत नाही! कसली मी खुळी. ह्यांना चष्मा हवा होता, तो मी होते. एवढंच. आणि माझ्या हिरव्या स्वेटरला ‘काय रंग आहे!’ म्हणाले होते ते?

राग राग करत ह्यांच्या पेटीतला मीटर घेतला; त्याची दोन्ही टोकं एकाच तारेला लागली की तो बीप करतो. एक टोक बाहेरच्या सॉकेटच्या पिनेला, त्याला लांब वायर जोडून. दुसरं एकेका वायरीला. ही नाही. ही नाही. बीप! एवढी दचकले की टोक हातातून पडलं. परत पहिल्यापासून. मग आतल्या सॉकेटपासून तसंच. मग बॅटरी, तिचा खटका तेवढ्यापुरता लावून – आकड्याआधी वजा आलं, टोकं बदलली, वजा गेलं.

खुणेला चिठ्ठ्या चिकटवणार होते. शेवटी दोराच घेतला. एक गाठ, दोन गाठी, तीन.

शुक्रवार, १३ मार्च

सकाळी गाठी बघत नवा डबा जोडला. खटका दाबताना डोळे मिटले होते. उघडले तर हिरवा दिवा! बाहेरचा प्लग उपसला, आतला बल्ब लुकलुकलासुद्धा नाही. जमिनीवर बसकण मारली.

हे आले. किती वाळलेत! वन्सं सोबत होत्याच. मशीन सुरू करायला लावलं आणि न सांगता स्वतः जाऊन बाहेरचा प्लग उपसला. मशीन घरघरत राहिलं. ‘बरं,’ म्हणाल्या आणि पिशवी उचलून निघाल्या.

ह्यांनी पलंगाखाली हात घातला. एकेक दोरा चाचपून गाठी मोजल्या. मान हलवली. मला अजून रागच आहे. आणि एक कोडंही – रंग मला विचारून घेत होते, तर निळ्या-हिरव्या वाटेल तिथे कशा लागल्या?

शनिवार, १४ मार्च

आज विचारलंच. गाठी होत्या, रंग लागतच नव्हते, मग जन्मभर ‘ही कुठली गं’ कशाला?

पाटी घेतली. लिहायला बराच वेळ लागला.

‘नुसतं बस म्हटलं असतं, तर बसली असतीस?’