तीन काड्यांची परीक्षा

प्रिय चिगुसा,

लायसन्स केंद्राच्या कँटीनमध्ये बसून हे लिहितेय. अक्षर वाकडंतिकडं आलं तर हसू नकोस. टेबलाचा एक पाय लंगडा आहे आणि माझे दोन्ही पाय थाऱ्यावर नाहीत. लेखी परीक्षा देऊन बाहेर आले, निकाल दुपारी लागणार, तोवर करायचं काय? दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. मशीनमधून चहा घेतला, तो निम्मा तसाच आहे. समोरच्या भिंतीवर मोठा फळा आहे, पास झालेल्यांचे नंबर त्यावर उजळतात. अजून काळाच आहे, तरी माझी मान सारखी वर जाते. शेजारी जांभळ्या केसांची एक पोरगी बसलीय, स्कूटरच्या लायसन्ससाठी आलेली. ती मघाशी म्हणाली, "काकू, टक लावून बघितलं म्हणून निकाल लवकर नाही लागत." हे खरंच होतं, म्हणून मुकाट्याने कागद काढला.

तू म्हणशील, आईला आता कसली परीक्षा, आई तर माझ्या जन्माआधीपासून गाडी चालवते. चालवते ना. माझ्याकडे साधं लायसन्स आहे. त्यावर मी आपल्या छोट्या ट्रकमधून युझू लिंबांची खोकी बाजारात नेऊ शकते, तोकुनागा आजींना गुडघ्याच्या डॉक्टरकडे सोडू शकते, मनात आणलं तर सगळं गाव फुकट फिरवून आणू शकते. पण आजींनी उतरताना भाड्याचं एक नाणं माझ्या हातावर ठेवलं की त्या क्षणी मी गुन्हेगार. भाडं घेऊन माणसं न्यायची तर दुसऱ्या वर्गाचं लायसन्स लागतं, बाबांकडे गावची बस चालवायला होतं तसलं. ते काढायला मी आलेय. बाबांना सांगितलंय, दातांच्या डॉक्टरकडे चालले. गेल्या काही महिन्यांत माझे इतके दात दुखलेत की एव्हाना तोंडात एकही शिल्लक राहायला नको होता. पण त्यांनी एकदाही विचारलं नाही की कुठला दात. तेच तर मला खातंय.

तुला फोनवर त्यांनी सांगितलं की डोळे म्हातारे झाले. डोळ्यांना काही झालेलं नाही, पेपरातलं बारीक अक्षर वाचतात. त्यांना अडवलं ते तीन काड्यांनी. साध्या लायसन्सला ही परीक्षा नसते, बस, टॅक्सी किंवा मोठा ट्रक चालवणाऱ्यालाच द्यावी लागते. एका पेटीत डोकावायचं. आत तीन काळ्या काड्या उभ्या असतात. कडेच्या दोन जागच्या जागी, मधली पुढे-मागे सरकत राहते. तिन्ही एका ओळीत आल्या असं वाटलं की बटण दाबायचं. समोरची वस्तू किती लांब आहे हे डोळ्यांना नीट कळतं का, एवढंच त्यातून बघतात. बाबा आजवर प्रत्येक वेळी हसत हसत पास झाले होते. या वेळी बटण उशिरा दाबलं गेलं. तिथला माणूस म्हणाला, सराव करून परत या.

मग आम्ही घरीच सराव केला. बुटांचं रिकामं खोकं घेतलं, त्यात माझ्या विणकामाच्या तीन सुया उभ्या केल्या, मधलीला दोरा बांधला. मी दोरा ओढायचा, त्यांनी टेबलावर हात आपटायचा. काय सांगू, एकदाही चुकले नाहीत. मी म्हणायची, "वा ड्रायव्हरसाहेब," आणि ते फुशारकीने मिशीवरून हात फिरवायचे, मिशी नसताना. मोठ्या तोऱ्यात केंद्रावर गेलो आणि निकाल पहिल्यापेक्षाही वाईट लागला. परत येताना म्हणाले, "किनुए, मी सुई बघतच नव्हतो गं. सुया ओळीत आल्या की तू श्वास रोखतेस. मी तुझा श्वास ऐकून हात आपटत होतो." मला हसू फुटलं. ते हसले नाहीत. इतकी वर्षं एका घरात काढून माणसाला हेच येतं, आणि सरकारी पेटीला ते चालत नाही.

त्यानंतर आणखी एकदा गेलो, तेव्हा मी बाहेरच थांबले. ते हातात नवं कार्ड घेऊन आले. साधं लायसन्स त्यांना राहू दिलं होतं, फक्त बसचा शिक्का गेला होता. पण त्या दिवसापासून ते आमच्या ट्रकच्या चाकालाही हात लावत नाहीत. तुला आठवतं ना, न्हाणीघरातून बाहेर येतानासुद्धा बसमध्ये असल्यासारखं बोट दाखवून मोठ्याने म्हणायचे, "उजवीकडे कोणी नाही, डावीकडे कोणी नाही." लहानपणी तू चिडायचीस. आता या खोलीतून त्या खोलीत जातात आणि पायाचासुद्धा आवाज होत नाही. जेवा म्हटलं की जेवतात. मला हे घर सोसत नाही, चिगुसा. मी उगाच कपाटं आवरते, आवरलेली परत आवरते.

आणि बाबांची बस तर बंदच झाली. नगरपालिका म्हणते, मोठ्या बसला आता ड्रायव्हर मिळायचा नाही. वसंतापर्यंत कोणी योग्य लायसन्सवाला मिळाला तर दहा जणांची व्हॅन देऊ, नाहीतर आपल्या ओनोदानी गावचा थांबाच काढून टाकू. थांबा गेला की तोकुनागा आजी आणि त्यांच्यासारखे सगळे एकेक करून मुलांकडे जाणार. आम्हीही त्यातलेच. तुझी मागची खोली, ती दक्षिणेची खिडकी, सगळं मला पाठ झालंय, दर फोनला सांगतेस. आम्ही राहायला येणार का, याचं महिनाअखेर उत्तर हवंय तुला. फोनवर तू बोलतेस आणि मी हो हो म्हणते, म्हणून तर कागदावर आलेय. बाबांना विचारलं तर म्हणाले, "तू म्हणशील तसं." जन्मात कधी ते असं बोलले नव्हते. त्या दिवशी मी खरी घाबरले आणि दुसऱ्या दिवशी ड्रायव्हिंग शाळेत नाव घातलं.

तिथल्या काउंटरवरच्या मुलीने आधी अटी वाचून दाखवल्या. वय एकवीस पूर्ण हवं, साधं लायसन्स किमान तीन वर्षं जुनं हवं. मी म्हटलं, पोरी, या दोन्ही अटी तू जन्मायच्या आधीच पुऱ्या झाल्यात. शिकवायला हायामी नावाचा मुलगा, तुझ्याच वयाचा. पहिल्याच वळणावर म्हणाला, "काकू, ट्रकमधले युझू तक्रार करत नाहीत. मागे माणसं बसलीत असं समजा." मी इतकी वर्षं गाडी चालवतेय आणि मला ब्रेक दाबता येत नाही, हे तिथे कळलं. प्रवासी खाली बसल्याशिवाय चाक हलवायचं नाही. थांबताना कोणाच्या मांडीवरचा डबा घसरता कामा नये. बाबा हे सगळं रोज करत होते आणि मी त्यांच्या बसमध्ये बसून खिडकीबाहेर बघत होते. गाडी चालवायची परीक्षा शाळेतच झाली, इथे उरले होते फक्त डोळे आणि पेपर. आजच्या पेपरात प्रश्न होता, दारू पिऊन इतरांना त्रास देणाऱ्या प्रवाशाला नाकारता येतं का. मी "बरोबर" अशी खूण केली खरी, पण मनात म्हटलं, जत्रेच्या दिवशी झिंगलेल्या कुमागाईंना नाकारलं तर गावात राहायचं कसं?

आता जे सांगायचंय ते सांगते. आज सकाळी माझी डोळ्यांची तपासणी झाली. तीच खिडकी, तीच पेटी असावी. मी डोकावले. मधली काडी येत होती, जात होती, आणि मला अगदी स्वच्छ दिसत होतं की आता, आत्ता. प्रत्येक वेळी बरोबर आलं. तिथला माणूस म्हणाला, "उत्तम, बाई, अगदी उत्तम." मला वाटलं, याला सांगावं की अरे भल्या माणसा, यातलं थोडं घे आणि माझ्या माणसाला दे. मला आनंद झालाच नाही. मी शरमेने लाल झाले, जणू त्यांच्या ताटातलं उचलून खाल्लं. बाकावर बसून रडले आणि मग नाक पुसून पेपर द्यायला गेले.

थांब, फळा उजळला.

आहे. माझा नंबर आहे. मला दिसेचना, जांभळ्या पोरीने बोटाने दाखवला. तिचा स्वतःचा नव्हता. "मी येईन परत," म्हणाली आणि हेल्मेटची पिशवी उचलून चालती झाली. अजून कार्डासाठी फोटो काढायचाय.

आता हे पत्र का लिहिलं ते ऐक. नव्या ड्रायव्हरला सुरुवातीला एकटं सोडत नाहीत. जुना कोणीतरी शेजारी बसून रस्ता शिकवतो, आणि शेजारी बसायला इथे कुठलंही लायसन्स लागत नाही. नगरपालिकेतले हमादा म्हणाले, शहरातून माणूस पाठवतो. मी म्हटलं, तो रस्ता ज्याला पाठ आहे तो माणूस माझ्या घरात बसलाय. पण मी विचारलं तर त्यांना वाटेल, बायकोने कीव केली. आणि ते आले नाहीत तर मी व्हॅनला हात लावणार नाही, हे ठरलंय. रोज घराखालच्या रस्त्यावरून मी जायचं आणि त्यांनी आत बसून नुसत्या आवाजावरून ओळखायचं की मी कितव्या गिअरमध्ये आहे, हे मला जमायचं नाही. मग आम्ही दोघं तुझ्या खोलीत येऊ आणि मी तक्रार करणार नाही. म्हणून पत्र मिळालं की संध्याकाळी तू बाबांना फोन कर. मी पास झाले हे तूच सांग, माझ्या तोंडून निघणार नाही. मग फक्त एवढं विचार, की धबधब्याखालच्या वळणावर समोरून लाकडांचा ट्रक आला तर आईने काय करायचं. आणि ते बोलायला लागले, तर कितीही वेळ लागो, त्यांना थांबवू नकोस.

तुझीच, दात सगळे शाबूत असलेली,
आई